महाविद्यालयीन निबंध : लेखन आणि पुनर्लेखन
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी यवतमाळ येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या कार्यकारिणीने आजच्या प्रसंगी मला महाविद्यालयीन निबंधाविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा केली आहे. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आणि सारी हयात प्राथमिक शाळेत गेलेला मनुष्य. तेव्हा महाविद्यालयाच्या गोष्टी सांगण्याचा याला अधिकार काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास तो रास्तच आहे. परंतु शिष्यवृत्तीसाठी मंडळाकडे येणारे निबंध वाचण्याचे काम आपण माझ्याकडे सोपविलेले आहे. त्या वाचनातून जे दिसले, तेवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

निबंध या शब्दाच्या पोटात 'बंध' आहे. विचार एकत्र बांधणे, हा त्याचा अर्थ. पाश्चात्त्यांकडे या लेखनप्रकारास ज्याने नाव दिले, त्या माँतेन्य या फ्रेंच लेखकाने १५८० मध्ये आपल्या लेखांना जो शब्द वापरला त्याचा अर्थ 'प्रयत्न' असा होतो. एका भाषेने बांधणी सांगितली, दुसरीने प्रयत्न सांगितला; आणि चांगल्या निबंधास दोन्ही लागतात. आपल्या मराठीत या प्रकारास प्रतिष्ठा मिळवून देणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर हे शाळामास्तरच होते. १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली आणि तिचे ८४ अंक बहुतांशी एकट्याच्या लेखणीने भरून काढले.

आता प्रथम विषयाचा विचार करू. आपले विद्यार्थी 'शेतकऱ्यांचे प्रश्न' हा विषय घेतात आणि आरंभ करतात : "भारत हा कृषिप्रधान देश असून शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे." हे वाक्य खोटे नाही; परंतु ते कोणीही, कोठेही बसून लिहू शकतो. याच विद्यार्थ्याने असे लिहिले असते तर? "आमचे शेत कोरडवाहू आहे. पेरणीनंतर पावसाने ताण दिला की कापसाची दुबार पेरणी करावी लागते, आणि दुसऱ्या पेरणीचे बियाणे उधारीवर आणावे लागते." येथे लिहिणारा दिसू लागतो, आणि कर्ज कोठून सुरू होते हेही वाचणाऱ्यास कळते. 'रेल्वे' या विषयावर पाने भरण्यापेक्षा, आपल्या यवतमाळहून दारव्हा, कारंजामार्गे मूर्तिजापूरपर्यंत ११३ किलोमीटर धावणारी, कापूस वाहण्यासाठी घातलेली 'शकुंतला' ही अरुंदमापी गाडी बंद पडल्याने कोणाचे काय गेले, एवढेच लिहिले तरी तो उत्तम निबंध होईल. विषय जितका आवळावा तितका तो सकस होतो.

विद्यार्थ्याने आपल्या अनुभवावर लिहावे, हे काही मी नवे सांगत नाही. १८५५ मध्ये पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. त्या काळी मोठमोठ्या विद्वानांनी लिहिलेली किती तरी पाने आज कोणाच्या स्मरणात नाहीत. परंतु एका शाळकरी मुलीचा निबंध पावणेदोनशे वर्षांच्या उंबरठ्यावरही वाचला जातो. तिने आपल्या लोकांची परिस्थिती डोळ्यांनी पाहिली होती आणि ती सांगताना आडपडदा ठेवला नाही, हेच त्याचे कारण होय.

दुसरी गोष्ट मुद्द्याची. निबंधास एकच प्रमुख म्हणणे असावे, आणि ते एका वाक्यात सांगता यावे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा सवाल एकच आहे : जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय? सारे पुस्तक या एका खुंटीस बांधलेले आहे. आपल्या मुलांनी लेखणी उचलण्यापूर्वी हे एक वाक्य कच्च्या कागदावर लिहून काढावे. ते लिहिता येत नसेल, तर निबंध लिहिण्याची वेळ अजून आलेली नाही, असे खुशाल समजावे.

तिसरी गोष्ट पुराव्याची. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा एकत्र केल्या. त्यासाठी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून त्यांनी आठवणी विचारल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या, असे महानुभाव परंपरा सांगते. ही वऱ्हाडच्या मातीतली गोष्ट आहे. 'असे म्हणतात', 'सर्वांना ठाऊकच आहे' या शब्दांवर निबंध उभा राहत नाही. कोणी सांगितले, केव्हाचे आहे, आपण पाहिले की ऐकले, हे ज्याचे त्याला माहीत असले पाहिजे.

आता मी आजच्या मुख्य गोष्टीकडे वळतो. ती म्हणजे पुनर्लेखन. आपल्याकडे निबंध तपासणे म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ पाहणे, अशी समजूत रूढ आहे. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम अवश्य पाळावेत. पण ते काम शेवटचे. शेतात आपण दाट उगवलेले पीक आधी विरळतो, डवरतो, निंदण काढतो. तण तसेच ठेवून बांधावरचा दगड रंगवीत बसणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाही.

थोरांनीही आपले लेखन पुन्हा पुन्हा हाताळले आहे. इंग्रज लेखक बेकन याने १५९७ मध्ये अवघे १० निबंध छापले. १६१२ मध्ये त्यांचे ३८ झाले, १६२५ मध्ये ५८. आणि जुने निबंधही त्याने वेळोवेळी बदलले, वाढविले. माँतेन्य तर आपल्या छापील पुस्तकाच्या समासात मरेपर्यंत भर घालीत होता. आपल्या एकनाथमहाराजांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती अनेक पाठ ताडून पाहूनच. मग आपल्या मुलांनीच पहिला खर्डा हा अखेरचा खर्डा का मानावा?

याची रीत मी सांगतो, ती साधी आहे. पहिला खर्डा एक रात्र तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक परिच्छेदाचे सार समासात एका ओळीत लिहावे. ज्याचे सार लिहिता येत नाही तो परिच्छेद काढावा. दोघांचे सार एकच निघाले तर एक गाळावा. आणि त्या ओळी लागोपाठ वाचून क्रम बरोबर लागतो की नाही ते पाहावे. तद्नंतर विशेषणे मोजावीत. आपल्या स्मरणिकांतील परिचयलेखांतही 'थोर', 'महान', 'तेजस्वी' यांची गर्दी असते, हे आपण सर्व जाणतो. त्या गर्दीत ज्याचा परिचय आहे तो गृहस्थ हरवून जातो! शेवटी निबंध मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळते तेथे वाक्य अडखळलेले असते. आणि एका तरी माणसास तो ऐकवावा.

यासंबंधी एक हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. आपल्या समाजातील एक मुलगी शिष्यवृत्तीसाठी 'माझी आई' हा निबंध घेऊन माझ्याकडे आली. त्यात आई प्रेमळ, कष्टाळू, वात्सल्यसिंधू वगैरे होती. मी विचारले, "बाई, आई दिवसभर काय करते?" ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "लोकांच्या वावरात कापूस वेचायला जाते, गुरुजी. किलोप्रमाणे पैसे मिळतात. पण हे लिहिलं तर मंडळातले लोक काय म्हणतील?" मी तिला एवढेच सांगितले, "लिहायचे की नाही हे तू ठरव. मात्र ठरविण्याआधी आईला वाचून दाखव." तिने नवा खर्डा केला आणि रात्री आईस वाचून दाखविला. ती माउली निरक्षर. तिने सारे ऐकले आणि म्हणाली, "गाठोड्याच्या फडक्याचं वजन कापते, थे बी लिही." माझ्या दृष्टीस न पडलेली उणीव त्या बाईच्या ध्यानी आली! मुलीने ते वाक्य घातले. मंडळाच्या बैठकीत निबंध वाचला गेला, तेव्हा कोणी हसले नाही. शिष्यवृत्ती तिला मिळाली. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, आईचे काम लपविण्याची गरज तिला पुढे राहिली नाही.

बंधू-भगिनींनो, म्हणूनच पालकांना माझी विनंती आहे. पाल्याचा निबंध आपण लिहून देऊ नये, विकत आणू नये. आजकाल भ्रमणध्वनीवर विषय सांगितला की यंत्र क्षणात निर्दोष निबंध हाती ठेवते. शंका विचारण्यास त्याचा उपयोग खुशाल करावा. परंतु फडक्याचे वजन कापले जाते, हे आपल्या घरातले ज्ञान त्याच्या ठायी नाही. आणि जो मुलगा स्वतः विचार बांधावयास शिकला नाही, त्याची पुढे अडचण होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाची २५० गुणांची स्वतंत्र पत्रिका असते, आणि ३ तासांत २ निबंध लिहावे लागतात. तेथे शेजारी ना पालक, ना यंत्र.

मंडळास माझी एक नम्र सूचना आहे. येत्या वर्षापासून शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत निबंधाचा पहिला खर्डा व अखेरची प्रत, अशी दोन्ही मागवावीत, आणि दोहोंत किती मेहनत झाली हे पाहून निर्णय करावा. कच्चा खर्डा दाखविण्यात कमीपणा नाही, हे यामुळे मुलांच्या मनावर ठसेल. ज्या घरात मूल लिहीत असेल, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी संध्याकाळी घटकाभर बसून ते ऐकावे. वाचता येत नसले तरी ऐकता येते.