‘मराठी’ या शब्दात अक्षरं किती?

मी इंदूरहून बोलतोय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो: फुकटचे व्हिडिओ पाहून प्रोग्रामिंग येतं का हो? येतं. पण नुसतं पाहून पोहायलाही येत नाही. म्हणून आज लांबण न लावता एक शब्द घेऊन बसू या. शब्द आहे ‘मराठी’.

यात अक्षरं किती? आपण म्हणणार, ३. पायथन ३ मध्ये ‘लेन’ वापरून विचारा, उत्तर येईल ५. तोच शब्द सी भाषेत लिहा, फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवा आणि ‘स्ट्रलेन’ने मोजा. उत्तर १५!

खोटं कोणीच बोलत नाही. पायथन चिन्हं मोजतो: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. सी मोजते बाइट. शून्य असलेला बाइट भेटेपर्यंत चालत राहायचं आणि पावलं मोजायची, एवढंच स्ट्रलेनचं काम. त्या बाइटांचं अक्षर होतं की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सी घडवली, तेव्हा युनिकोड नव्हतंच. १९६३च्या आस्कीत १२८ जागा, त्यात इंग्रजी मावली, आपण बाहेर. पुढे युनिकोडने देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिल्या. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ रचलं, त्यात इंग्रजी अक्षराला पूर्वीसारखाच १ बाइट, आपल्या प्रत्येक चिन्हाला ३. जुने प्रोग्रॅम चालू राहिले, ही त्यातली खरी हुशारी.

आता हे कशाला कळायला हवं? माझ्याकडे शिकलेली एक मुलगी एका कचेरीत लागली. पहिलंच काम बचत गटातल्या बायकांची यादी छापायचं. लक्ष्मीबाई हे नाव ‘लक्ष्म’वर तुटायचं आणि पुढे एक काळा चौकोन. नाव जुळत नाही म्हणून बँकेतून यादी परत, पैसे अडकलेले. साहेब म्हणाले, नावं इंग्रजीत टाक. तिने आधी मोजून पाहिलं. लक्ष्मीबाई म्हणजे १० चिन्हं, ३० बाइट. प्रोग्रॅम कापत होता २० वर. सहा चिन्हांचे १८ बाइट झाले, आणि सातव्याचे, म्हणजे वेलांटीचे, दोनच उरले. तो चौकोन म्हणजे तुटकी वेलांटी! तिने ती कात्री काढून टाकली. बायकांची नावं मराठीतच राहिली.

हे तिला कुठल्या एका व्हिडिओत मिळालं नव्हतं. पण व्हिडिओ कसा पाहायचा ते तिला जमलं होतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलची पद्धत मला म्हणून आवडते: साधारण दहा मिनिटांचा धडा, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला तुमचा प्रोग्रॅम, आणि बरोबरीने टाइप करत जायचं. अनेक धडे मराठीतही आहेत. त्यात माझी एक भर. रन करण्याआधी व्हिडिओ थांबवा आणि उत्तर काय येईल ते वहीत लिहा. चुकलात तर उत्तम, तिथेच शिकण्यासारखं काहीतरी आहे. दीड पट वेगाने चाळीस तासांची प्लेलिस्ट संपवणाऱ्यांना मात्र मी काही सांगत नाही, ते ऐकतही दीड पट वेगाने.

पुस्तकातून वाचत असाल तर इथे थांबा आणि पायथन उघडा. लक्ष्मीबाईमधली पहिली तीन चिन्हं काढायला सांगा. हाती येईल ‘लक्’, पाय मोडलेला क. म्हणजे बाइट सोडून चिन्हं मोजली तरी जोडाक्षर फुटतंच. मग आपण ज्याला अक्षर म्हणतो ते मोजायचं कसं? स्वतःचं नाव घेऊन करून बघा, आधी वहीत आकडा लिहून. पुढच्या भागात तिथूनच सुरू करू.