पोरे वाढवायला कॉलेज कशाला?



माझी धाकटी बडोद्याच्या विद्यापीठात बालविकास शिकते. ‘यात शिकायचे काय?’ असे आळीत सगळ्या विचारतात. मी सातवी शिकलेली, तरी सांगते. तिथे १९५० साली गृहविज्ञान शाखा निघाली. आता नाव बदलले, पण शाखेची स्वतःची बालवाडी आहे. मुलींनी तिथे मुलांकडे नुसते पाहायचे नि टिपून ठेवायचे. ‘हट्टी आहे’ असे लिहायचे नाही. मुलाने काय केले, तेवढेच लिहायचे. तीन मुले वाढवली मी, असे पाहायला सवड कुणाला होती! बोर्डीला १९४५ साली खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडकही पदवीधरच होत्या. सासूबाई म्हणतात, एवढ्यात लग्न उरकले असते. यंदाची फी भिशीतून भरली. पुढची पापड लाटून भरीन.