मेजर ध्यानचंद : खेळाडू आणि प्रशिक्षक



बरुआसागरहून झाशीला गेलेल्या मुलांना तेथील टेकडीवरचा मेजर ध्यानचंदांचा पुतळा आवर्जून दाखवला जातो. पुतळा खेळाडूचा आहे. त्याच माणसाने पुढे प्रशिक्षक म्हणून घालवलेली वर्षे मात्र फारशी कोणाला ठाऊक नसतात.

ध्यानचंदांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबादेत झाला. वडील सैन्यात होते. कुटुंब पुढे झाशीत स्थिरावले. १९२२ मध्ये ते स्वतः सैन्यात दाखल झाले, तोवर हॉकीशी त्यांचा संबंध नाममात्रच होता. पलटणीतील सुभेदार-मेजर बाले तिवारी यांनी त्यांना या खेळाची दीक्षा दिली. ज्या कौशल्याला जग जादू म्हणते, त्याच्या मुळाशी एक शिक्षक होता, हे शाळेच्या व्यासपीठावरून सांगायलाच हवे.

पुढील कीर्ती सर्वश्रुत आहे. अ‍ॅमस्टरडॅम, लॉस एंजेलिस आणि बर्लिन अशा तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके. १९३६ च्या बर्लिनमध्ये कर्णधारपदही. तेथे स्पर्धेपूर्वीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले होते. १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात त्याच जर्मनीला भारताने ८-१ असे नमवले.

१९५६ मध्ये ते मेजर म्हणून सैन्यातून निवृत्त झाले; त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले. त्यानंतर त्यांनी माउंट अबूच्या शिबिरांत मुलांना शिकवले आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत हॉकीचे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळले. खेळाडूचे गोल मोजता येतात, शिकवणाऱ्याच्या श्रमांची मोजदाद होत नाही. म्हणून हे पर्व बहुधा दोन ओळींत उरकले जाते. शिक्षकांना हा अनुभव नवा नाही.

पालकांनी विचार करावा अशी गोष्ट पुढेच आहे. इतरांच्या मुलांना घडवणाऱ्या या प्रशिक्षकाची स्वतःच्या मुलांनी हॉकी खेळावी अशी इच्छा नव्हती. खेळाने नाव दिले, पण चरितार्थाची शाश्वती दिली नाही, हा स्वानुभव त्यामागे होता. पुत्र अशोककुमार तरीही खेळले, आणि १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धचा विजयी गोल त्यांनीच केला. त्यामुळे पित्याची चिंता निराधार ठरली, असे मात्र म्हणता येत नाही. ध्यानचंदांचा उत्तरकाळ आर्थिक ओढाताणीत गेला. मैदानावर जाऊ इच्छिणाऱ्या मुलाला आजही घरातून नकार मिळतो, तेव्हा त्यामागे पुष्कळदा हीच धास्ती असते.

३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार झाशीत झाले, ते स्मशानात नव्हे, हीरोज मैदानावर.