ऑटिझम, सूज आणि सबुरी

ऑटिझम म्हणजे काय, स्वमग्नतेची लक्षणं कोणती, हे मी आज सांगत बसणार नाही. ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांना ते माझ्याहून जास्त कळतं, आणि बाकीच्यांनीही आजवर पुष्कळ ऐकलं आहे. मला दहा मिनिटं दिली आहेत आणि सांगायचं एकच आहे. ऑटिझमचा आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा काहीतरी संबंध आहे, असं संशोधन सांगतं. ते संशोधन खरं आहे. पण त्याच्या नावावर जे विकलं जातं, ते त्या संशोधनातून आलेलं नाही. हे मी आज दोनतीनदा म्हणणार आहे. कंटाळू नका.

माझ्याकडे येणारे आईवडील हल्ली जाडजूड फाइल घेऊन येतात. तीत रक्ताच्या महागड्या तपासण्या असतात, एखादा आकडा ठळक केलेला असतो. वडील विचारतात, "डॉक्टर, मेंदूला सूज आहे म्हणे. ती उतरली की हा बोलेल ना?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर देताना मला पाणी प्यावं लागतं.

ही सुजेची गोष्ट आली कुठून? 2005 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले डॉ. कार्लोस पार्दो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या 11 मृत व्यक्तींचे मेंदू तपासले. मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी त्यांना जास्त जाग्या झालेल्या दिसल्या, विशेषतः लहान मेंदूत. पाय मुरगळल्यावर येते तशी ही सूज नव्हे. मेंदू फुगलेला नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी ती एक लगबग होती.

आता ही लगबग कोणाची? मायक्रोग्लिया या मेंदूतल्या प्रतिकारयंत्रणेच्या पेशी. 1919 साली स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ होर्तेगा यांनी त्या वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना नाव दिलं. बरीच वर्षं समज असा होता की जंतू आले की मारायचे, मेलेल्या पेशी उचलायच्या, एवढंच त्यांचं काम. पण त्या आणखीही एक काम करतात. ते समजून घ्यायला आपण जरा रानात जाऊ.

बाजरी पेरली की ती दाट उगवते. तशीच ठेवली तर ताटं वाढतात, पण कणसं भरत नाहीत. म्हणून विरळणी करावी लागते. बाया खुरपं घेऊन बसतात, तण काढतात आणि दाटीतली रोपंही उपटतात. कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं, हे त्यांच्या हाताला ठाऊक असतं. बाळाच्या मेंदूतही असंच आहे. पेशींमधल्या जोडण्या सुरुवातीला गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. पुढे त्यातल्या वापरात नसलेल्या काढल्या जातात. बोस्टनच्या बेथ स्टीव्हन्स यांच्या प्रयोगशाळेनं 2012 साली उंदरांमध्ये दाखवलं की या विरळणीत मायक्रोग्लियाचा हात असतो. मेंदूतल्या खुरपणाऱ्या बाया त्या ह्याच.

ऑटिझममध्ये ही विरळणी कमी पडते का? 2014 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूचे नमुने मोजले. लहानपणापासून किशोरवयापर्यंत येताना एरवी या जोडण्यांची टोकं जवळपास निम्म्यानं कमी होतात. ऑटिझम असलेल्यांत ती फक्त 16 टक्क्यांनी कमी झालेली दिसली. म्हणजे रान दाटच राहिलं. हे कशामुळे झालं, हा वेगळा प्रश्न. त्या संशोधकांचं बोट पेशींच्या आतल्या साफसफाईकडे होतं. खुरपणाऱ्यांवर त्यांनी थेट ठपका ठेवला नव्हता.

आता मुद्द्याकडे लक्ष द्या. तुम्ही एसटीतून चालला आहात आणि रस्त्याकडेच्या रानात पुष्कळ बाया वाकून काम करताना दिसल्या. त्या का आल्या आहेत? तण माजलं म्हणून? की काल त्यांनीच चांगली रोपं उपटली आणि आज घोळ झाला आहे? की दुसऱ्याच कशानं तरी झालेलं नुकसान सावरायला आल्या आहेत? धावत्या गाडीच्या खिडकीतून हे सांगता येत नाही. मृत मेंदूची तपासणी ही अशीच खिडकी आहे. बाया दिसल्या, हे खरं. त्यांनी रान बिघडवलं, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आणि बाजार काय करतो? एक दुकानदार म्हणतो, सगळ्या बायांना घरी पाठवा, म्हणजे सूज उतरवणारी औषधं घ्या. दुसरा म्हणतो, आणखी ट्रॉलीभर बाया पाठवा, म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरी घ्या. गंमत अशी की काही घरांत मी दोन्ही एकाच डब्यात ठेवलेली पाहिली आहेत. अहो, एक तरी ठरवा! मायक्रोग्लियाला शांत करणारं मिनोसायक्लिन हे जुनं प्रतिजैविक मुलांच्या एका छोट्या गटात देऊन पाहिलं गेलं. उपयोग दिसला नाही. रक्तातल्या सुजेच्या आकड्यांवरून ऑटिझमचं निदान करणारी किंवा त्याचं औषध ठरवणारी मान्य तपासणी आज नाही. हे वाक्य लिहून घ्या आणि फाइलला लावा.

दुसरी गोष्ट गरोदरपणाची. इथे मला सासूबाईंशी बोलायचं आहे.

कॅलिफोर्नियातले पॉल पॅटरसन यांनी गाभण उंदरीला विषाणूची नक्कल करणारं रसायन टोचलं. विषाणू नव्हता, फक्त त्याचं सोंग. तरीही पिल्लं पुढे इतरांत कमी मिसळणारी, एकच कृती पुन्हापुन्हा करणारी झाली. 2007 साली त्यांच्या गटानं दाखवलं की आईच्या शरीरातला इंटरल्युकिन-6 हा निरोप्या रेणू अडवला तर पिल्लं नीट राहतात. पुढे 2016 मध्ये ग्लोरिया चोई आणि जुन हू यांनी इंटरल्युकिन-17 कडे बोट दाखवलं. म्हणजे हा त्रास जंतूमुळे नव्हता. आईचं शरीर जंतूशी लढताना जी हाकाटी करतं, ती गर्भापर्यंत पोहोचते.

माणसांत काय? डेन्मार्कमध्ये 1980 पासून जन्मलेल्या लाखो मुलांच्या नोंदी तपासल्या. 2010 साली निष्कर्ष आला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत विषाणूसंसर्गामुळे जिला रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तिच्या मुलात ऑटिझमची शक्यता सुमारे तिप्पट. हा आकडा सगळीकडे फिरला. त्याच अभ्यासातली पुढची ओळ मात्र फिरली नाही. पूर्ण गरोदरपण धरून, कुठलाही संसर्ग मोजला, तर संबंध दिसला नव्हता. आणि 2022 साली स्वीडनच्या संशोधकांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा हा संबंध आणखी विरळ झाला. एकाच आईची दोन मुलं, एकाच्या वेळी संसर्ग, दुसऱ्याच्या वेळी नाही, तरी फरक दिसेना. म्हणजे संसर्गाकडे बोट दाखवताना आपण कदाचित घराण्यातल्या दुसऱ्याच कशाकडे बघत होतो. आनुवंशिकतेचा वाटा तर मोठा आहेच. 2019 च्या पाच देशांच्या अभ्यासात तो 80 टक्क्यांच्या आसपास आला.

तेव्हा सासूबाई, सुनेला चौथ्या महिन्यात ताप आला होता, तिनं थंड पाणी प्यायलं, ती माहेरी जाऊन आली, म्हणून नातू असा झाला, हे म्हणणं आजपासून बंद. ताप आलेल्या बहुसंख्य आयांची मुलं तुमच्या आजूबाजूला खेळताहेत. त्या मुलीला रोज त्या मुलाला भरवायचं आहे, झोपवायचं आहे, थेरपीला न्यायचं आहे. तिच्या डोक्यावर हे आणखी ओझं कशाला?

गर्भातल्या संसर्गाचा एक धडा मात्र पक्का आहे, तो जर्मन गोवराचा, म्हणजे रुबेलाचा. 1964 च्या सुमारास अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. सुमारे 20 हजार बाळं जन्मतःच रुबेलाचे परिणाम घेऊन आली. न्यूयॉर्कच्या स्टेला चेस यांनी त्यातल्या 243 मुलांना तपासलं. 10 मुलांत पूर्ण ऑटिझम, आणखी 8 जणांत त्याची काही लक्षणं होती. ज्या काळात ऑटिझम अगदी दुर्मिळ मानला जाई, त्या काळातला हा आकडा आहे. आणि रुबेलावर लस आहे.

आता नियतीची थट्टा बघा. 1998 साली अँड्र्यू वेकफिल्ड यांनी 12 मुलांवरचा एक लेख 'द लॅन्सेट'मध्ये छापला आणि गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लशीवर ऑटिझमचा संशय आणला. 2010 मध्ये तो लेख मागे घेतला गेला, वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढलं गेलं. 2019 मध्ये डेन्मार्कनं 6,57,461 मुलांच्या नोंदी तपासून सांगितलं, लशीमुळे धोका वाढत नाही. ज्या लशीनं ऑटिझमचं एक पक्कं कारण टळतं, तिलाच लोक घाबरले! आपल्या महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम झाली, तेव्हाही काही पालक मुलांना शाळेत पाठवायला कचरले होते. नऊ महिने पूर्ण झाल्यावर एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा, असे दोन्ही डोस द्या.

वेळेची खूण झाली वाटतं. तापाबद्दल सांगायचं होतं. एरवी तंद्रीत असणारं मूल ताप आला की जवळ येतं, एखादा शब्द बोलतं, असं पुष्कळ आया सांगतात. 2007 साली बाल्टिमोरमध्ये 30 मुलांवर याचा अभ्यास झाला आणि आयांचं म्हणणं खरं निघालं. गर्भात त्रास देणारा तोच इंटरल्युकिन-17 मोठेपणी उंदरांना मिसळायला मदत करतो, असंही दिसलं आहे. म्हणजे खुरपणाऱ्या बायांना आवर घालायचा की... ते राहू द्या, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे. एवढंच ध्यानात घ्या, की तेच रसायन एका वेळी नडतं आणि दुसऱ्या वेळी तारतं. असल्या यंत्रणेत अंदाजानं हात घालू नये.

हात घातल्यावर काय होतं तेही सांगते. 2005 साली अमेरिकेत शरीरातले जड धातू काढण्याच्या नावाखाली औषध टोचताना ऑटिझम असलेला पाच वर्षांचा मुलगा दगावला. आपल्याकडे मूळपेशींच्या उपचारांसाठी लोकांनी दागिने मोडले आहेत. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं स्पष्ट सांगितलं, ऑटिझमसाठी मूळपेशी उपचार सुचवू नयेत, त्याची जाहिरात करणं हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग धरला जाईल. तरी फोन येतातच.

मग करायचं काय? मुलाचं पोट बिघडतं का, बद्धकोष्ठ आहे का, झोप लागते का, फिट येते का, दात दुखतो का, हे आधी बघा. ज्याला सांगता येत नाही ते मूल डोकं आपटून सांगतं. हे त्रास खरे आहेत आणि त्यांच्यावर उपचारही आहेत. जिल्हा रुग्णालयात लवकर निदानाचं केंद्र आहे का, चौकशी करा. वाचाउपचार, व्यवसायोपचार लवकर सुरू करा. 2016 च्या कायद्यानं ऑटिझमला दिव्यांगत्वाचा दर्जा दिला आहे, प्रमाणपत्र काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्यविमा संरक्षण मिळतं.

शेवटचं, पुन्हा तेच. संशोधन चालू राहू द्या, त्यातून उद्या औषध निघेलही. निघालं तर ते तुमच्या डॉक्टरांकडून कळेल, मोबाइलवरच्या जाहिरातीतून कळणार नाही. तोवर कोणी मेंदूची सूज उतरवून देतो म्हणालं, तर त्याला एकच विचारा, हे किती मुलांवर सिद्ध झालं आणि कुठे छापून आलं? उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशात ठेवून उठा, आणि ते थेरपीवर खर्च करा.