परमा आणि देहाची शस्त्रे



मराठीच्या प्राध्यापकाने परम्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. ‘परमा’ हा ‘प्रमेहा’चा अपभ्रंश. हा शब्द आपण कुजबुजण्यापुरताच ठेवला आणि रोगी वैद्याकडे उशिरा पोहोचला. म्हणून प्रश्न भाषेचाही आहे.

या रोगाचा जंतू नायसर यांनी १८७९ साली दाखवला. पेनिसिलिनपुढे तो एके काळी सहज नमे. १९७६ साली त्या औषधाचेच विघटन करणारे जंतू आढळले. आज मुख्य भिस्त सेफ्ट्रिअॅक्झोनवर आहे, आणि तीही डळमळू लागली आहे.

अशा वेळी देहाच्या स्वतःच्या शस्त्रांकडे लक्ष जाते. १९८७ साली झास्लॉफ यांनी आफ्रिकी बेडकाच्या कातडीतून ‘मॅगेनिन’ ही पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, वेगळी काढली. माणसातही ३७ दुव्यांची ‘एलएल-३७’ आहे. तिच्यावर धन विद्युत्भार, जंतूच्या आवरणावर ऋण. ती तेथे चिकटते आणि आवरण फोडते. आपल्या पेशींचा बाह्य थर बहुतांशी उदासीन, म्हणून त्या बऱ्याच अंशी बचावतात.

परंतु हा जंतू मोठा वस्ताद! आत शिरलेली पेप्टाइडे तो पंपाने उपसून बाहेर टाकतो. शिवाय देहातील विकरेच या साखळ्या तोडतात. त्यांची घडण बदलून त्या टिकाऊ करण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहेत. तूर्त मात्र रोग्याने जोडीदारासह दवाखानाच गाठावयाचा, आणि तेथे रोगाचे नाव मोकळेपणी उच्चारावयाचे.