जपानमधील द्राक्षवेल : उसनी विद्या आणि आपली माती



जपान म्हटले की तांदळापासून होणारी साके आपल्याला आठवते. द्राक्षाचे मद्य आणि जपान ही जोडी कानांस काहीशी अपरिचित वाटते. तथापि टोकियोच्या पश्चिमेस, यामानाशी प्रांतातील कात्सुनुमा येथे द्राक्षवेलीची परंपरा कित्येक शतकांची आहे. परकी विद्या एखाद्या समाजाच्या अंगी कशी मुरते, हे त्या परंपरेवरून उत्तम कळते. म्हणून हा विषय मी आज आपल्यापुढे मांडत आहे.

तेथील द्राक्षाचे नाव ‘कोशू’. त्याच्या उगमाविषयी दोन आख्यायिका आहेत. इ. स. ७१८ मध्ये ग्योकी नावाच्या बौद्ध भिक्षूला हे द्राक्ष लाभले, अशी एक. ११८६ मध्ये आमेमिया काग्येयू या गृहस्थाला रानात ही वेल सापडली, अशी दुसरी. आख्यायिकेला इतिहासाचा दर्जा देता येत नाही. मात्र अलीकडच्या आनुवंशिक तपासणीत असे आढळले की, कोशूचा सुमारे ७० टक्के वारसा युरोपात प्रचलित असलेल्या द्राक्षजातीचा असून उरलेला पूर्व आशियातील रानवेलींचा आहे. म्हणजे ही वेल पश्चिमेकडून चीनमार्गे प्रवास करीत, वाटेत सोयरिक जुळवीत जपानला पोहोचली.

जपानात पाऊस फार. उन्हाळ्याच्या आरंभी झड लागते आणि फळ पिकण्याच्या सुमारास वादळे येतात. म्हणून तेथील शेतकऱ्यांनी वेल मांडवावर चढविली. भाषांतर करताना या रचनेसाठी शब्द शोधावा लागला नाही. नाशिक-सांगलीकडील बागाईतदारांचा ‘मांडव’ हा शब्दच तंतोतंत बसला. मांडवामुळे घड ओल्या जमिनीपासून दूर राहतात आणि त्यांच्याभोवती वारा खेळतो. काही ठिकाणी प्रत्येक घडावर कागदाची छोटी छत्री बांधण्याचीही रीत आहे.

शतकानुशतके हे द्राक्ष खाण्यासाठीच पिकविले जाई. १८६८ नंतर मेइजी राजवटीत नव्या उद्योगांचे वारे वाहू लागले. १८७७ मध्ये स्थानिक मंडळींनी कंपनी स्थापून ताकानो मासानारी व त्सुचिया र्‍यूकेन या दोन तरुणांना फ्रान्सला धाडले. एक पंचवीस वर्षांचा, दुसरा एकोणीस. त्र्वा या गावाच्या परिसरात वेलींची छाटणी, कलमे व मद्यनिर्मिती शिकून ते १८७९ मध्ये परतले. गावाची सारी आशा त्यांच्यावर होती. पण १८८६ मध्ये कंपनी बुडाली. विद्या आली होती. त्या मद्याची गोडी असलेला ग्राहक मात्र देशात नव्हता. पुढे १९०७ मध्ये तोरी शिंजिरो यांनी बाजारात आणलेले ‘आकादामा’ खपले, ते गोड असल्यामुळे.

निईगाता प्रांतातील कावाकामी झेन्बेई या जमीनदाराची कथा याहून हृद्य आहे. १८९० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच्या जमिनीत द्राक्षमळा उभारला. परदेशी वेली दमट हवेत टिकेनात. तेव्हा त्यांनी संकर करण्यास आरंभ केला. दहा हजारांहून अधिक प्रयोगांतून निवडक २२ जाती हाती आल्या. त्यांपैकी १९२७ सालच्या संकरातून निघालेली ‘मस्कट बेली ए’ ही आज जपानी तांबड्या मद्याचा आधार आहे. हिवाळ्यातील बर्फ साठवून त्याने ते तळघर थंड ठेवीत. या ध्यासापायी घराण्याची बरीचशी संपत्ती खर्ची पडली.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने मद्यनिर्मितीस उत्तेजन दिले, ते मात्र मद्यासाठी नव्हते. मद्यात तयार होणाऱ्या क्षारापासून पाणबुड्यांचा वेध घेणाऱ्या ध्वनियंत्रांचे स्फटिक बनत, म्हणून नौदलाला तो हवा होता.

खरी मान्यता मिळण्यास फार काळ लागला. नागानो प्रांतातील किक्योगाहारा येथील १९८५ च्या हंगामातील मेर्लोला १९८९ मध्ये ल्युब्लियाना येथील स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय द्राक्ष व मद्य संघटनेने कोशूची नोंद केली. पुढे २०१८ पासून, जपानात पिकलेल्या द्राक्षांपासून जपानातच केलेल्या मद्यालाच ‘जपानी मद्य’ म्हणावे, असा नियम अमलात आला. तोपर्यंत आयात केलेल्या रसापासून बनविलेले मद्यही देशी म्हणून विकले जात असे.

त्या दोन तरुणांच्या प्रवासापासून या नियमापर्यंत १४१ वर्षे गेली. फ्रान्समधून कात्री चालविण्याची रीत आणता आली. पाऊस, माती आणि जिभेची आवड यांच्याशी तिचा मेळ मात्र घरीच घालावा लागला. बुडालेल्या कंपनीला म्हणूनच मी निष्फळ म्हणणार नाही. तिने आणलेले ज्ञान कात्सुनुमाच्या मांडवाखाली राहिले, आणि पुढच्या पिढ्यांनी ते तेथूनच उचलले.