वणव्याची तयारी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात करावी

(सातपुड्याच्या पायथ्याशी जानेवारी महिन्यात झालेल्या शेतकरी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला केळीवर बोलावयास सांगितले होते. परंतु केळीवर बोलणारे माझ्यापेक्षा जाणकार दोघे जण माझ्यामागून येत आहेत. म्हणून त्यांच्या परवानगीने मी आज आगीवर बोलणार आहे. ऐन थंडीत, शेकोटीच्या दिवसांत आगीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. त्याचे कारण असे की, वनविभाग आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतो आणि २६ जानेवारीची ग्रामसभा त्याच्या अवघे तीन आठवडे आधी येते. पुढील वर्षाचे अंदाजपत्रकही याच सुमारास तयार होत असते. वणवा पेटल्यावर अंदाजपत्रक कोणाला आठवत नाही, आणि आठवून उपयोगही नसतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. मार्च महिना होता. हार्वेस्टरने गहू काढलेला, धसकटे उभी. एका शेतकऱ्याने भर दुपारी बारा-एकच्या सुमारास ती पेटवून दिली. वारा पश्चिमेचा. जाळ बांधावरच्या कुसळी गवतात शिरला, तेथून शेजाऱ्याच्या बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत गेला. त्या शेजाऱ्याची कडब्याची गंजी आणि केळीच्या बागेतील ठिबकच्या नळ्या पाऊण तासात गेल्या. तेवढ्यात जाळ टेकडीला लागला होता. नगरपालिकेचा बंब बोलावला, तो आलाही वेळेवर. पण गावाबाहेरच्या नाल्यावरची फरशी मागच्या पावसाळ्यात खचलेली होती आणि बंब अलीकडेच उभा राहिला. मी तेथे होतो. बंबातले पाणी आणि पेटलेली गंजी यांच्यात दोनशे पावलांचे अंतर होते.

संध्याकाळी पारावर बसलो असता एक म्हातारे बाबा म्हणाले, "फरशीचं तर आम्ही ग्रामसभेत सांगितलं होतं." चौकशी केली. त्या दिवशी गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब झाली. पुढच्या सभेला हे बाबा गेले नाहीत, दुसऱ्या कोणी विषय काढला नाही. म्हणजे फरशी बोलण्यात होती, कागदावर कधीच आली नाही. बंधूंनो, गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार लागतात. हजार-दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे जमू नयेत?

आता वणवा लागतो कसा ते पाहू. आपला सातपुडा म्हणजे पानगळीचे कोरडे जंगल. साग, सालई, अंजन, धावडा, टेंभुर्णी. फेब्रुवारीपासून पाने गळतात आणि जमिनीवर वाळलेल्या पानांचा थर साचतो. त्याला ठिणगी पुरते. ही ठिणगी आभाळातून क्वचितच पडते; बहुतेक वेळा ती माणसाच्या हातूनच पडते. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पडतात. ती पाचोळ्यात सापडत नाहीत म्हणून झाडाखालची पाने जाळतात आणि जाळ मागे सोडून घरी येतात. टेंभुर्णीला कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपे पेटवतात. गुरांना नवे गवत मिळावे म्हणून डोंगराचे गवत पेटवतात. वाटसरूची विडी आहेच. आणि आपल्या शेतातला जाळ आहे. त्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. जंगल जाळले ते पाड्यावरच्यांनी, असे सपाटीवरचा शेतकरी सहज म्हणून जातो. पाड्यावरच्या माणसाचे पोट त्या मोहावर असते; त्याला बोल लावण्याआधी आपण आपली धसकटे कोणत्या वेळी पेटवतो हे पाहावे.

मोहाखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरली तर फुले स्वच्छ मिळतात, मातीही लागत नाही आणि भावही बरा मिळतो. टेंभुर्णीची झुडपे बुडाशी छाटली तरी नवी पालवी येते, जाळावे लागत नाही.

पऱ्हाटीविषयी एक शब्द. गुलाबी बोंडअळीसाठी फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत काढून टाका, असे कृषी विद्यापीठ सांगत आले आहे. शेतकरी पऱ्हाटी काढतो, हे खरे. पण ती बांधावर, तीही जंगलाच्या बाजूला रचून ठेवतो. त्यामुळे अळीचे कोषही राहतात आणि आगीला सरपणही तयार राहते. श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडली किंवा खड्ड्यात कुजविली तर दोन्ही प्रश्न मिटतात. एकट्याला श्रेडर परवडत नसेल तर गटाने भाड्याने आणावा.

जंगलाला लागून ज्यांची शेते आहेत त्यांनी त्या बाजूच्या बांधालगत निदान दहा फूट रुंदीचा पट्टा नांगरून किंवा रोटाव्हेटर फिरवून पूर्ण मोकळा करावा. काडी नाही, गवत नाही, नुसती माती. पट्टा आपल्या हद्दीतच काढावयाचा. जंगलातील जाळरेषा हे वनविभागाचे काम आहे. तेथे आपण होऊन काहीही जाळावयाचे नाही. यावल अभयारण्य १९६९ पासूनचे आणि अनेर धरणाचे अभयारण्य १९८६ पासूनचे आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे अभयारण्यात आग लावणे हा गुन्हा आहे. १९२७ च्या वन अधिनियमात आणखी एक तरतूद आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना वनातून चराईचा, लाकूडफाट्याचा किंवा वनोपजाचा हक्क वा परवाना आहे, त्यांनी आग दिसताच जवळच्या वन किंवा पोलीस अधिकाऱ्यास कळविणे आणि विझविण्यास मदत करणे हे कलम ७९ नुसार बंधनकारक आहे. कळविण्यासाठी वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहावरून आगीच्या सूचना देते आणि नोंदणी केल्यास त्या मोबाइलवरही येतात. गावातल्या शिकल्या-सवरल्या एका मुलाने नोंदणी करून ठेवावी. परंतु उपग्रह आपल्यावरून ठराविक वेळीच जातो. गुराख्याचा डोळा दिवसभर डोंगरावर असतो. त्याच्याजवळ क्रमांक हवा.

आता पैशाकडे येतो. ग्रामपंचायतीकडे पैसा नाही, हे उत्तर मी प्रत्येक गावात ऐकतो. पैसा कमी आहे हे मान्य. नाहीच असे मात्र नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेली होती, ४० टक्के अबंधित होती. अबंधित म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चावयाची, पगारावर मात्र नाही. किती गावांनी त्यातून नाल्यावरची फरशी दुरुस्त केली, आणि किती गावांनी आणखी एक स्वागत-कमान उभारली, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या गावापुरता करावा. कमान वाईट नाही, पण तिच्याखालून बंब जाईल एवढी उंच तरी असावी!

चोपडा, यावल, रावेर, शिरपूर आणि साक्री या तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथील पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट देण्याचा निर्णय शासनाने २०१५ मध्ये घेतला. हा निधी पायाभूत सुविधा, वनहक्क, आरोग्य व शिक्षण यांबरोबर वन व वन्यजीव संवर्धन आणि जलसंधारण यांवरही खर्च करता येतो. तो कोठे खर्चावयाचा हे ग्रामसभा ठरविते. म्हणजे जंगलालगतच्या पाड्याने उन्हाळ्याचे चार महिने दोन राखणदार ठेवावयाचे म्हटले तर विषय मांडण्यास जागा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत, त्यांना तर वन राखण्याचा अधिकारही आहे आणि कर्तव्यही. मात्र ग्रामसेवकाने नमुना नंबर १ भरण्याआधी हे सांगितले पाहिजे. जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रकही मार्चअखेरपर्यंत मंजूर व्हावयाचे असते. रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर ग्रामसभेचा ठराव जोडून मागणी आताच गेली पाहिजे.

रस्त्याचा विषय निघालाच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात पॅरडाइज नावाचे गाव आहे. तेथे काउंटी म्हणजे साधारण आपली जिल्हा परिषद समजा. गावाने वणव्यासाठी आराखडा केलेला होता. तरी नोव्हेंबर २०१८ मध्ये वीजवाहिनीच्या ठिणगीने लागलेल्या वणव्यात ८५ माणसे गेली. बाहेर पडण्याचे रस्ते मोजके, आणि सर्वांच्या गाड्या एकाच वेळी त्यांवर आल्या. आपल्याकडे गाड्यांची तेवढी गर्दी नाही, आपल्याकडे रस्त्याचीच वानवा आहे. पाड्यावर जाणारा रस्ता हा दवाखान्याचा, शाळेचा आणि बंबाचा, तिघांचा एकच असतो. त्याच्या दोन्ही कडांचे गवत फेब्रुवारीपूर्वी कापले तर तोच रस्ता जाळरेषेचेही काम करतो. न कापले तर जाणाऱ्या-येणाऱ्याची विडी तेथेच पडते.

एस.टी.चे तसेच आहे. गावात मुक्कामाची गाडी येत असेल तर तिचे चालक-वाहक रोज संध्याकाळी आणि पहाटे तो रस्ता पाहतात. डोंगरावरचा जाळ त्यांनाच आधी दिसतो. त्यांच्याजवळ सरपंचाचा क्रमांक असावा, आणि सरपंचाजवळ आगाराचा. म्हातारी माणसे, बाळंतिणी यांना रात्री हलवावे लागले तर गावात उभी असलेली गाडी उपयोगी पडते. पण ते आगाराशी आधी बोललेले असेल तरच. रस्ता खराब म्हणून गाडी बंद झाली असेल, तर फरशीच्या ठरावात तेही कारण लिहावे.

आग लागल्यावर काय करावे हे थोडक्यात सांगतो. चढावर जाळ धावतो, म्हणून जाळाच्या वरच्या अंगाला कधीही जावयाचे नाही. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहणास गेलेली वीसहून अधिक माणसे अशीच सापडली. बाजूने जावे, जळून गेलेल्या काळ्या भागाकडे पाठ ठेवावी, हिरव्या फांद्यांनी आणि ओल्या गोणपाटाने झोडपावे. नायलॉनचे कपडे घालू नयेत. उलटा जाळ लावणे हे वनविभागाच्या अनुभवी माणसांचे काम आहे, उत्साही पोरांचे नव्हे. आणि गावात एचटीपी पंप, ट्रॅक्टरचे ब्लोअर, पाण्याचे टँकर कोणाकडे आहेत याची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी. केळीवाल्या गावात या वस्तू भरपूर असतात. ऐन वेळी चावी कोणाकडे हे माहीत नसते.

मी एक ठरावाचा मसुदा लिहून आणला आहे. त्यात पाचच गोष्टी आहेत: बंब जाईल अशी फरशी, रस्त्याच्या कडांचे गवत, चार महिन्यांचे राखणदार, साहित्याची यादी, आणि दुपारी धसकटे न पेटविण्याबद्दल गावाचा निर्णय. रकमेची जागा कोरी ठेवली आहे, ती ज्या त्या गावाने भरावयाची. मसुदा मागच्या टेबलावर आहे. ज्यांना हवा त्यांनी जेवणाआधी नक्कल करून घ्यावी, कारण जेवणानंतर केळीचे व्याख्यान आहे आणि त्याला उशीर केलेला चालणार नाही.